अन्ननलिका शिवताना

३ फेब्रुवारी, सोमवार

आयुष्यात पहिल्यांदा डायरी लिहितोय. एकसष्टाव्या वर्षी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. खरं तर मला सुचलेलं नाही, मला सांगण्यात आलंय.

झालं असं. सकाळी दुकान उघडून मशीनला तेल देत होतो, तेवढ्यात पांढरी काठी टेकत एक बाई आत आल्या. अंधशाळेत शास्त्र शिकवतात, स्वतःलाही दिसत नाही. म्हणाल्या, "मास्तर, मला एक पोट शिवून हवंय."

मी सवयीने विचारलं, "किती इंच सैल करायचं?"

त्या हसल्या. "सैल नाही, अख्खं शिवायचं. तोंडापासून शेवटापर्यंत. अन्ननलिका, जठर, आतडी, यकृत, सगळं. माझ्या मुलांना आत हात घालून बघता आलं पाहिजे."

चाळीस वर्षं लोकांची पोटं झाकायचा धंदा केला. उघडं करायची ऑर्डर पहिल्यांदाच आली. मी हो म्हणून टाकलं. माझं हे असंच. आधी हो, मग घाम.

जाताना बाई म्हणाल्या, रोज काय शिवलं, कुठलं कापड, कुठला टाका, ते लिहून ठेवा, म्हणजे उद्या फाटलं तर दुसऱ्या कुणालाही दुरुस्त करता येईल. म्हणून ही डायरी. माझ्या मेहुण्याचं औषधाचं दुकान आहे, त्याला कंपनीकडून फुकट आलेली. मुखपृष्ठावर पित्ताच्या गोळ्यांची जाहिरात आहे.

रात्रीपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून झालं. हिला शेवटी सांगितलं. ही म्हणजे बायको. दुकानातली काजं, बटणं आणि हातशिलाई तिच्याकडे, बढाया माझ्याकडे. ती म्हणाली, "सातवीत शास्त्रात नापास झाला होतात ना तुम्ही?" काही गोष्टी लग्नाआधी बायकोला सांगू नयेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

सातवीचं शास्त्राचं पुस्तक आणलं. तेव्हा ज्या धड्यात आडवा झालो होतो, नेमका तोच धडा.

तोंडापासून शेवटापर्यंत साधारण नऊ मीटर! आमच्या बाहेरच्या खोलीचे सगळे पडदे मिळून एवढं कापड लागलं नव्हतं. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, हे माप मेलेल्या माणसाचं, जिवंतपणी स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे लांबी कमी भरते. पण मुलांना पूर्ण लांबी द्या. बरं झालं विचारलं. गिऱ्हाईक जिवंत आहे की नाही हे मी आजवर कधी विचारलं नव्हतं.

जेवताना हिला सगळं समजावून सांगितलं. मी एरवी जेवताना मुका असतो, दहा मिनिटांत उरकून उठतो. आज वीस मिनिटं बोललो. अन्ननलिका पंचवीस सेंटीमीटर. घास खाली पडत नाही, मागून स्नायू त्याला ढकलत नेतात, नेफ्यातून नाडी सरकवतो तसं. त्यामुळे माणूस उलटा टांगला तरी घास जठरातच जाणार. सात-आठ सेकंदांचा प्रवास.

"सात सेकंद?" ती म्हणाली. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना. राजा असो नाहीतर शिंपी."

"बरं," म्हणाली आणि पाणी आणायला उठली. विषय तिला फारसा आवडलेला दिसला नाही. ती नेहमी मागून जेवते, म्हणजे मला वाढता येतं असं तिचं म्हणणं. मी सोबतीला आणखी थांबलो असतो, पण खुर्चीत झोप यायला लागली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज मी जठराच्या प्रेमात पडलो.

बाई म्हणाल्या, जठराच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात. एकाचे धागे उभे, दुसऱ्याचे आडवे, तिसऱ्याचे तिरके. मी टेबलावर थाप मारून म्हणालो, "म्हणजे उभं, आडवं आणि उरेब!" बाईंना उरेब म्हणजे काय माहीत नव्हतं. कापड तिरकं धरून कापलं की ते सगळीकडे ताणतं, हे मी त्यांच्या हातात फडकं देऊन दाखवलं. त्यांनी ते कितीतरी वेळा ताणून बघितलं आणि म्हणाल्या, "हे मी पंधरा वर्षं शिकवतेय आणि मला आज समजलं."

माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं वरचं बटण तुटलं. ते हिने लावून दिलं.

जठर : तीन थर जाड सुती कापड, आत मखमलीचं अस्तर, अस्तराला चुण्या. रिकामं असताना चुण्या पडतात, भरलं की उलगडतात. घरी आरशासमोर शर्ट वर करून माझं स्वतःचं पोट बघितलं. माझ्या चुण्या कायमच्या उलगडलेल्या असणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लहान आतडं. सहा मीटर. बाई म्हणाल्या, आतून बोटांना लव लागली पाहिजे, कारण त्या लवेनेच अन्नातलं सत्त्व शोषलं जातं. लव म्हणजे काय आणि शोषणं म्हणजे काय याचा विचार करत हात पुसत होतो, आणि हातात काय होतं? टॉवेल! घरातले चार टॉवेल कापले. हिने पाहिल्यावर जे बोलली ते डायरीत लिहिण्यासारखं नाही. पण शेवटी टॉवेलाच्या पट्ट्या जोडून तिनेच दिल्या.

सहा मीटर आतडं दुकानात दोरीवर टांगलंय. एक बाई स्कर्ट टाकायला आल्या, म्हणाल्या, "हे काय शिवताय?" मी म्हणालो, "तुमचंच आहे." त्या परत येतील असं वाटत नाही.

हिचा तपकिरी कोट खांद्यावरून घसरतो म्हणून तिने आणून दिला. दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घेतला. नोव्हेंबरातही एक-एक घेतला होता. म्हणालो, "बारीक होतेयस. शोभतंय." ती म्हणाली, "हो का?" शिलाई अशी बसलीय की जुनी खूण शोधून सापडणार नाही. हात अजून शाबूत आहे माझा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हिच्या मैत्रिणीकडे जेवायला बोलावणं होतं. ही ऐनवेळी म्हणाली, डोकं दुखतंय, तुम्ही जाऊन या. गेलो. तिथे सगळ्यांना यकृत ते पित्ताशय असा संपूर्ण प्रवास सांगितला. पुडिंग फार कुणी खाल्लं नाही. मी दोन वाट्या खाल्लं.

परत आलो तर ही अजून स्वयंपाकघरात जेवतच होती. म्हणालो, "तासभर आत एकटीच कसली मेजवानी चाललीय?" हसली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोठं आतडं जमलं! पुस्तकात लिहिलंय, त्याच्यावरून तीन लांब पट्टे जातात, ते आतड्यापेक्षा आखूड असतात, म्हणून आतड्याला फुगे फुगे येतात. अरे, हे तर मी लहान मुलींच्या फ्रॉकला चाळीस वर्षं करतोय. आखूड पट्टी ताणून लावा, सोडा, चुण्या आपोआप. निसर्गाला शिवण येते. अपेंडिक्स म्हणून जुन्या हातमोज्याची करंगळी लावली.

संध्याकाळी मेहुणा आला. आतडं बघून म्हणाला, "भाऊजी, तुम्ही या वयात भलत्या नादाला लागलात." मग म्हणाला, "आणि जेवणात तिखट जरा कमी करा. ताई दर आठवड्याला पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट नेते."

मला एकदम भरून आलं. माझ्या ढेकरांची एवढी काळजी! पण मला तर एकही गोळी मिळाली नाही. द्यायला विसरत असेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अन्ननलिका आज पूर्ण केली. खरी कला शेवटच्या दाराशी आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं कडं असतं. ते मिटलेलं असतं म्हणून जठरातलं आंबट वर येत नाही. मी तिथे नेफा काढून रुंद इलॅस्टिक घातलं. मग वाटलं, आपल्या कामात ढिलाई नको, म्हणून दुसरं घातलं. मग तिसरं. आता उलटं करून आपटलं तरी आंबट वर येणार नाही.

जेवताना हे हिला सांगितलं. ती ऐकत होती, पण मध्येच खोकली आणि उठली. झोपायलाही हल्ली तीन उशा घेते. म्हणते, माझ्या घोरण्यावर उपाय. उशा डोक्याखाली घेऊन घोरणं कसं थांबतं हे मला कळलं नाही, पण तिला त्रास होतो एवढं खरं. मी कुशीवर झोपायचं ठरवलंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज परीक्षा झाली आणि मी पुन्हा त्याच धड्यात नापास झालो.

शाळेच्या लांब टेबलावर सगळं मांडलं. बाईंनी एकेक टाका बोटांनी वाचला. टॉवेल लागल्यावर खुदकन हसल्या. फ्रॉकच्या चुण्यांना म्हणाल्या, "उत्तम." हातमोज्याची करंगळी ओढून बघितली. मी मनातल्या मनात हारतुरे स्वीकारत होतो.

मग त्यांनी लोकरीचा एक गोळा घेतला, घास म्हणून तोंडातून आत सोडला आणि नळीवरून बोटं दाबत दाबत खाली आणला. खालच्या दाराशी आला आणि थांबला. त्यांनी दाबला. मी दाबला. हलेना.

"मास्तर, तुमचा माणूस उपाशी मरेल," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "पण बाई, दार घट्ट असल्याशिवाय आंबट..."

"नुसतं घट्ट राहायला दार कशाला, भिंत पुरते. घास आला की सैल पडायचं आणि गेला की मिटायचं, हे त्याचं काम. सगळी गंमत सैल पडण्यात आहे."

मी शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा होतो. बाईंना ते दिसत नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "मान वर करा. एक इलॅस्टिक ठेवा, दोन काढा, झालं." नळी घेऊन घरी आलो. वाटेत इलॅस्टिकवाल्याला शिव्या घातल्या. त्याचा काही संबंध नव्हता.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अखेर माझ्या घरात माझं कौतुक झालं!

दुपारी उसवायला घ्यावी म्हणून नळी शोधली तर खाली दुकानात नाही. वर गेलो. ही स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली, नळी मांडीवर. लोकरीचा गोळा तिने आत घातला होता आणि दोन बोटांनी बरोबर दाराशी धरून ठेवला होता.

म्हणालो, "दे इकडे, उसवायचीय. बाईंनी नापास केलीय."

ती म्हणाली, "उसवू नका. हे बरोबर शिवलंय."

पस्तीस वर्षांच्या संसारात "बरोबर" हा शब्द माझ्या वाट्याला किती वेळा आला असेल? मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

"अगदी असंच," ती म्हणाली. "इथे येऊन थांबतो. मग वरून पाणी ओतायचं, आणखी ओतायचं, मग कधीतरी जातो."

म्हणालो, "अगं, कापडात पाणी कुठे ओततेस? लोकर भिजेल."

तिने माझ्याकडे बघितलं. मग नळी माझ्या हातात दिली आणि भांडी घासायला लागली. पण मी ठरवलंय, उसवायचं नाही. घरच्या तज्ज्ञ माणसाचा अभिप्राय आहे. उद्या बाईंशी ठणकावून बोलणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कसं लिहू कळत नाही. पण लिहिणार आहे, म्हणजे मी कोण आहे हे पुन्हा कधी विसरलो तर वाचता येईल.

शाळेत गेलो. नळी टेबलावर ठेवली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "बाई, हे उसवणार नाही. आमच्या घरच्यांनी पास केलंय."

"असं? काय म्हणाल्या त्या?"

मी शब्दन् शब्द सांगितलं. वर हसून म्हणालो, "कापडात पाणी ओतायला निघाली होती!"

बाई हसल्या नाहीत. नळीवर त्यांचा हात होता तो तसाच राहिला. म्हणाल्या, "मास्तर, त्या जेवतात कशा?"

"चांगल्या जेवतात की."

"तुम्ही बघितलंय?"

म्हणालो, "माझ्यानंतर जेवते."

"किती वेळ लागतो?"

"तासभर."

"पाणी?"

"जगच्या जग."

"वजन कमी झालंय?"

वजन मला माहीत नव्हतं. इंच माहीत होते. पाच. दोन नोव्हेंबरात, तीन या महिन्यात. माझ्याच हाताने आत घेतलेले. शिलाई अशी बसलेली की खूण सापडू नये.

बाई म्हणाल्या, "घरी जा. आत्ता. नळी राहू दे."

घरी आलो तेव्हा तिच्या जेवणाची वेळ होती. चपला जिन्यातच काढल्या, चोरासारखा वर गेलो आणि दारात उभा राहिलो. सूपमध्ये भिजवलेला पावाचा एवढासा तुकडा तिने तोंडात घातला. बराच वेळ चावला. गिळला आणि उभी राहिली. मान ताणली, दोन्ही हात वर केले. पेलाभर पाणी प्यायली. ओट्यापासून खिडकीपर्यंत चालली, परत आली. छातीवर मूठ दाबून धरली. मग सिंकवर वाकली आणि तो तुकडा, ते पाणी, सगळं परत आलं. नळ सोडला, तोंड धुतलं आणि पुढचा तुकडा भिजवायला घेतला.

ते बघून मला वाटलं, माझ्या तोंडात कुणीतरी माती कोंबावी. सात सेकंद म्हणे. राजा असो नाहीतर शिंपी.

तिने मला बघितलं. दचकली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जूनपासून. आधी नुसता पाव अडायचा. आता पाणीसुद्धा."

"मला सांगितलं नाहीस?"

"माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. चार महिन्यांत गेली. सांगितलं असतं तर डॉक्टरकडे जावं लागलं असतं आणि त्यांनी तेच नाव घेतलं असतं." मग ओढणीच्या टोकाने तोंड पुसत म्हणाली, "आणि दोनदा कपडे आत घेतलेत तुम्ही. दोन्ही वेळा मला वाटलं, आता विचारतील. दुसऱ्यांदा तर शीळ घालत होतात."

मी तिच्यासमोर खाली फरशीवरच बसलो. रडलो. तिने थोडा वेळ रडू दिलं, मग म्हणाली, "उठा, सांधे धरतील."

३ मार्च, सोमवार

पोटाच्या डॉक्टरांकडे. वयाने आमच्या मेहुण्याहून लहान, पण शांत माणूस.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि मी लगेच सुरू झालो, "डॉक्टर, अन्ननलिका साधारण पंचवीस सेंटीमीटर..." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपण डॉक्टर?" म्हणालो, "शिंपी." "मग आता यांना बोलू द्या," म्हणाले. पुढची सगळी उत्तरं हिने दिली. जेवण उलटून येतं का? पातळही अडतं का? रात्री आडवं झाल्यावर खोकला येतो का? हो. हो. हो. उशा घोरण्यासाठी नव्हत्या. प्रत्येक 'हो'ला मी खुर्चीत एकेक इंच खाली जात होतो.

हिला पांढरं दाट औषध प्यायला देऊन फोटो काढले. पडद्यावर नळी दिसली. वर फुगलेली, खाली चोचीसारखी निमुळती, आणि औषध त्या चोचीत अडून बसलेलं. मी असली नळी आधी बघितली होती. मी शिवली होती.

मग दुर्बीण घालून आतून बघितलं. तपासायला एक कण काढून पाठवलाय. "तसं काही वाटत नाही, पण रिपोर्ट आल्याशिवाय मी बोलणार नाही," डॉक्टर म्हणाले. रिपोर्ट शुक्रवारी.

५ मार्च, बुधवार

काम होत नाही. आज एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, मी असा दिसतो का?"

आम्ही आता एकत्र जेवतो. ती सूपचे चमचे घेते, मी समोर बसतो. माझं पूर्वी दहा मिनिटांत उरकायचं, आता माझाही घास तोंडात फिरत राहतो. मला सात सेकंदांत जाण्याची हमी आहे, तरी जात नाही.

तिने सकाळी कपाट आवरलं. कुठली चादर कुठे, विजेची बिलं कुठे, मला दाखवत होती. मी ओरडलो, "मला काही दाखवू नकोस!" मग बाहेर जाऊन उभा राहिलो. शेजारच्यांना वाटलं भांडण झालं. भांडण परवडलं असतं.

७ मार्च, शुक्रवार

ते नाही. ते नाही. ते नाही.

मावशीचं दुखणं नाही. डॉक्टरांनी दुसरं लांबलचक नाव सांगितलं, ते मला कानात शिरताच बाहेर गेलं, कारण "कॅन्सर नाही" एवढं ऐकल्यावर मी पुढचं ऐकायच्या स्थितीत नव्हतो. हिने लक्ष देऊन ऐकलं. अन्ननलिकेचे स्नायू घास ढकलत नाहीत आणि खालचं दार सैल पडत नाही. डॉक्टर म्हणाले, "दार मिटून राहतं हे चांगलंच, पण घास आल्यावर ते..."

"सैल पडायला हवं," मी म्हणालो. एवढं ज्ञान माझ्याकडे दहा दिवसांपासून होतं. बाकीचं मी महिनाभर गल्लीत वाटत फिरत होतो.

उपाय असा की नळीतून फुगा आत सोडायचा, दाराशी आणून फुगवायचा आणि ते कडं ताणून सैल करायचं. बऱ्याच जणांना बरं वाटतं. काहींना परत करावं लागतं, काहींना ऑपरेशन. आणि क्वचित ताणताना भिंत फाटते. शेवटचं वाक्य मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. कापड ताणल्यावर कुठे आणि कसं फाटतं हे मला कुणी समजवायला नको.

११ मार्च, मंगळवार

तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर. हातात तिचा तपकिरी कोट होता. बसल्या बसल्या माझी बोटं आतल्या शिलाया मोजत होती. पाच इंच कापड आत दुमडलेलं आहे. कापलेलं नाही. चांगला शिंपी कधी कापत नाही.

चाळीस मिनिटांनी डॉक्टर आले. फाटलं नाही. आज नुसतं पाणी, मग आठवडाभर पातळ, मग बघू. "पाणी गेलं?" मी विचारलं. "आपण आत जाऊन विचारा ना," म्हणाले.

ती पडून होती. तिने डोळे न उघडताच हाताने सांगितलं, गेलं.

१७ मार्च, सोमवार

शाळेत अन्ननलिका एका इलॅस्टिकवर पास झाली. बाईंनी गोळा सोडला, तो दाराशी आला, थोडा थबकला आणि सुळकन आत गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीने कोपरापर्यंत हात जठरात घातला आणि विचारलं, "मास्तर, यात जेवण कधी येणार?"

बाईंनी आधी हिची चौकशी केली. मी म्हणालो, "सूप जातंय. घासाचं अजून माहीत नाही. ती घाबरतेय आणि मी तिच्याहून जास्त." बाई म्हणाल्या, "तुम्ही घाबरताय हे त्यांना दिसू देऊ नका." दिसू न देणं मला कुठलं जमायला?

२१ मार्च, शुक्रवार

काल डॉक्टर म्हणाले, आता नेहमीचं जेवा, नीट चावून, ताठ बसून. घास गेला तर ठीक, अडला तर पुन्हा या. म्हणजे आज ठरणार होतं.

मी जाहीर केलं, आजचा स्वयंपाक माझा. ती म्हणाली, "तुमचा?" म्हणालो, "नऊ मीटर पचनसंस्था शिवलीय, चार बटाटे उकडायला काय लागतं?" बटाट्यांचे मोठे तुकडे उकडले, वर लोणी, मिरपूड, बाजूला पाव. सगळे तुकडे मापात. पुन्हा वाढायला आणखी चार बटाटे पातेल्यात ठेवले. नको तेवढा आत्मविश्वास, दुसरं काय.

समोरासमोर बसलो. तिने पहिला तुकडा उचलला आणि मी तिच्या गळ्याकडे बघायला लागलो. तोंडाने मोजतही असेन, कारण ती म्हणाली, "ओठ हलवू नका. आणि असं माझ्या गळ्याकडे बघत बसलात तर मी उठेन."

"मग कुठे बघू?"

"भिंतीकडे."

मी खुर्ची फिरवली आणि ताट मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, शिक्षा झाल्यासारखा. मागे काट्याचा आवाज. मग काही नाही. मग पुन्हा काट्याचा आवाज. पाण्याचा जग उचलल्याचा आवाज येतोय का म्हणून मी कान टवकारले होते. खुर्ची सरकली तरी माझा जीव गोळा होत होता. ती उभी राहिली का? चालायला लागली का? मागे वळायची सोय नाही. भिंतीवर एक डाग आहे, तो मला आता तोंडपाठ झालाय.

बराच वेळ गेला. काहीतरी करायचं म्हणून मी माझ्या ताटातला एक तुकडा तोंडात टाकला, आणि दातांत करकर झाली. वरून मऊ, आत दगड. निम्मे बटाटे कच्चे!

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. आठ महिने घास अडणाऱ्या बायकोला मी पहिल्या दिवशी कच्चे बटाटे खाऊ घातले होते. ताट आपटून वळलो, ओरडलो, "अगं थांब! गिळू नकोस! कच्चे आहेत!"

ती ताठ बसली होती. तिचं ताट रिकामं होतं. जग भरलेला होता, तसाच.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्याच घासाला कळलं."

"मग खाल्लेस कशाला?"

"उतरतात का बघायचं होतं."

मला विचारायचा धीर होईना. उभाच राहिलो, हातात काटा, तोंडात तो अर्धा दगड.

"उतरले," ती म्हणाली. "सगळे." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. मग तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "आणखी आहेत का?"

मी पातेलंच उचलून आणलं. चार होते. तीन तिने खाल्ले. चौथा मला खायला लावला, तिच्यासमोर बसवून, पूर्ण.